जवळ्यापासून क्रिलपर्यंत : स्टॅनले केम्प

सुरत-भुसावळ लाइनवरच्या आमच्या चिंचपाड्यापासून समुद्र लांब आहे, पण सुकी मासळी आमच्याकडेही खाल्ली जाते. कांदा आणि लाल तिखट घालून परतलेला जवळा ज्याने भाकरीबरोबर खाल्लाय, त्याला जास्त सांगायला नको. (आपल्या मेसच्या मेनूवर तो कधी येईल असं वाटत नाही.) या जवळ्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅसिटिस इंडिकस. १९१७ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या एका शास्त्रज्ञाने याच अ‍ॅसिटिसच्या कुळावर सविस्तर लेख लिहिला. पुढे हाच माणूस दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रात गेला आणि तिथला जवळा, म्हणजे क्रिल, शोधणाऱ्या मोहिमेचा प्रमुख झाला. त्यांचं नाव स्टॅनले केम्प.

केम्प यांचा जन्म १८८२ मध्ये लंडनला झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधून पास झाल्यावर १९०३ मध्ये ते आयर्लंडच्या मत्स्य विभागात लागले. तिथे कोळंबीवर्गातल्या प्राण्यांचा जो नाद लागला तो आयुष्यभर सुटला नाही. १९१० च्या सुमारास ते कलकत्त्याला आले आणि १९२४ पर्यंत इथेच होते. म्हणजे उमेदीची सगळी वर्षं भारतात गेली. १९११-१२ मध्ये लष्करी मोहिमेबरोबर ते अबोर टेकड्यांत, आजच्या अरुणाचलात गेले. तिथे दगडांखाली त्यांना मखमली अंगाचा, आखूड पायांचा, डोळे नसलेला एक विचित्र प्राणी सापडला. ओरिसाचं चिल्का सरोवर झालं, गारो टेकड्यांतली सिजूची गुहा झाली. १९१६ मध्ये झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाल्यावर ते तिथे सुपरिंटेंडेंट झाले.

आता जरा दक्षिणेकडे जाऊ. अटलांटिकच्या तळाशी साउथ जॉर्जिया नावाचं बेट आहे. १९०४ पासून तिथे देवमासे मारण्याचा धंदा जोरात सुरू झाला. चरबीचं तेल काढायचं, त्याचा साबण आणि मार्गारिन करायचं. बेट ब्रिटिशांच्या ताब्यात असल्यामुळे तेलाच्या प्रत्येक पिंपावर कर बसत होता. उत्तरेकडच्या समुद्रात देवमासे आधीच संपत आले होते, इथेही तेच होणार ही भीती होती. म्हणून याच करातून संशोधन करायचं ठरलं आणि १९२४ मध्ये केम्प यांना प्रमुख नेमलं. मला यातली गंमत अशी वाटते की देवमाशाला वाचवायचा खर्च मेलेल्या देवमाशांच्याच तेलातून निघत होता.

जहाज मिळालं ते कॅप्टन स्कॉटचं जुनं लाकडी ‘डिस्कव्हरी’. ते हळू चालायचं आणि भयंकर हलायचं. १९२५ मध्ये निघालेल्या या जहाजावर केम्प यांच्याबरोबर अ‍ॅलिस्टर हार्डी हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ होते. केम्प यांचा विचार सरळ होता. देवमासा कुठे जातो हे कळायचं असेल तर त्याचं अन्न कुठे आहे ते बघा, अन्न कुठे आहे हे कळायला पाणी मोजा. म्हणून ठरलेल्या ठिकाणी थांबून तपमान, क्षार आणि फॉस्फेट मोजायचं आणि जाळी टाकायची.

ही जाळी आपल्या लोकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. तोंडाचा व्यास ७० सेंटीमीटर. ती १००० मीटर खाली सोडायची, ७५० पर्यंत उभी वर ओढायची आणि तिथेच तोंड बंद करायचं, नाहीतर वरच्या थरातले प्राणी आत येऊन सगळं रीडिंग बिघडणार. पण पाऊण किलोमीटर खाली बटण कोण दाबणार? त्यासाठी तारेवरून एक वजन खाली सोडत. ते जाऊन खिट्टीवर आपटलं की जाळी सुटायची आणि गळ्याशी बांधलेल्या दोरीने आवळली जायची. मग पुढचा थर, ७५० ते ५००, असं करत पृष्ठभागापर्यंत. इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ता नाही. हलत्या डेकवर, गोठलेल्या हातांनी, शेकडो ठिकाणी हे केलं. आपण लॅबमध्ये तीन रीडिंग घेऊन चौथं ‘अ‍ॅडजस्ट’ करतो, असो.

दुसरीकडे साउथ जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या लॅबमधली मंडळी कापायला आणलेले देवमासे मोजत होती. दीड हजाराहून जास्त देवमाशांची लांबी, पोट, अंडाशय तपासले. तिथल्या निळ्या आणि फिन देवमाशांच्या पोटात जवळजवळ फक्त क्रिलच निघालं. मादीला साधारण दोन वर्षांत एकच पिल्लू होतं हेही कळलं. म्हणजे दरवर्षी किती मारले तर चालतील याचा हिशोब मांडायला पहिल्यांदाच खरे आकडे मिळाले.

पण हिशोब होईपर्यंत कोणी थांबलं नाही. १९२५ मध्येच मागून उतरती घसरगुंडी असलेलं कारखाना-जहाज आलं. देवमासा थेट डेकवर ओढायचा, खुल्या समुद्रातच तेल काढायचं. ना बेट लागतं, ना परवाना, ना कर. १९३०-३१ च्या एकाच हंगामात अंटार्क्टिकात ४० हजारांच्या आसपास देवमासे मारले गेले, त्यातले २९ हजारांहून जास्त निळे. त्याच हंगामात केम्प नव्या ‘डिस्कव्हरी २’ वर त्याच समुद्रात पाणी मोजत होते. सरकारने त्यांना जहाज दिलं, पैसे दिले, पण ब्रेक कोणाच्याच हातात दिला नाही, असं माझं मत आहे. १९३१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

१९३६ मध्ये ते प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेचे संचालक झाले. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचं राहतं घर जळालं आणि जन्मभर जमवलेली पुस्तकं, कागदपत्रं गेली. तरी प्रयोगशाळा त्यांनी चालू ठेवली. मे १९४५ मध्ये, युरोपातलं युद्ध संपलं त्याच महिन्यात, ते वारले. देवमाशांच्या शिकारीवर नियम करणारा मोठा आंतरराष्ट्रीय करार १९४६ चा, आणि व्यापारी शिकार थांबवायचा ठराव तर १९८२ चा.

मोहिमेचं काम त्यांच्या मागे चालू राहिलं. जेम्स मार यांचा क्रिलवरचा जाडजूड ग्रंथ १९६२ मध्ये आला. तोवर क्रिलचीच मासेमारी सुरू व्हायच्या बेतात होती. १९८० मध्ये कॅनबेराला अंटार्क्टिकातल्या सागरी जीवांबद्दल करार झाला. १९८६ पासून भारतही त्याच्या आयोगाचा सदस्य आहे. त्यात नियम असा की क्रिल किती धरायचं हे ठरवताना त्यावर जगणारे देवमासे, पेंग्विन, सील यांचाही हिशोब धरायचा. आता ध्वनिलहरींनी क्रिल मोजतात. दक्षिण अटलांटिकच्या बाजूला २००० आणि २०१९ च्या मोजणीत ते ६ कोटी टनांच्या आसपास भरलं. धरायची मर्यादा आहे वर्षाला ६ लाख २० हजार टन. २०२५ मध्ये ही मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली आणि ऑगस्टमध्येच त्या हंगामाची मासेमारी बंद करावी लागली.