गोदावरीकाठचा ताप आणि एव्हरेस्ट यांची पृथ्वी

जॉर्ज एव्हरेस्ट म्हटले की हिमालयातले शिखर आठवते. त्यांची खरी कर्मभूमी मात्र दख्खनची रानेवने होती आणि त्यातल्या एका रानाने त्यांचा जीवच घ्यायचा बाकी ठेवला होता.

१७९० साली जन्मलेले एव्हरेस्ट १८१८ मध्ये हैदराबादला विल्यम लॅम्बटन यांच्या हाताखाली रुजू झाले. भारताची त्रिकोणमितीय मोजणी तेव्हा दक्षिणेकडून वर सरकत होती. पावसाने हवा धुऊन निघाली की दूरच्या टेकडीवरची खूण स्पष्ट दिसते, म्हणून मोजणीसाठी पावसाळाच निवडला जाई. पण डासांचा हंगामही तोच! १८१९ च्या पावसाळ्यात कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात जवळजवळ सगळी तुकडी तापाने फणफणली, बरेच जण दगावले. उरलेल्यांना हैदराबादला आणण्यासाठी हत्ती-पालख्या धाडाव्या लागल्या. याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, प्राणहितेच्या संगमाजवळ गडचिरोलीतले सिरोंचा आहे. त्या पट्ट्याला हिवताप आजही नवा नाही. त्या काळी दोष जंगलातल्या दूषित हवेला दिला जाई. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात सापडला तो १८९७ मध्ये. रोनाल्ड रॉस यांनी तो शोधला हैदराबादला लागून असलेल्या सिकंदराबादेत.

एव्हरेस्ट प्रकृती सुधारायला आफ्रिकेच्या केपला जाऊन आले. १८२३ च्या जानेवारीत लॅम्बटन नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारले आणि मोजणीची धुरा एव्हरेस्ट यांच्यावर आली. दुखण्याने पाठ सोडली नव्हती. अंग इतके लुळे पडले होते, की वेध घेताना दोन माणसांनी त्यांना आसनावर बसवायचे आणि उचलून उतरवायचे. तशाही अवस्थेत त्यांनी वऱ्हाडातून माळव्यापर्यंतची मोजणी पुरी केली आणि १८२५ मध्ये ते इंग्लंडला गेले.

तिथे त्यांनी जी आकडेमोड केली, ती शिखराच्या नावापेक्षा मोलाची. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी. किती चपटी, ते ठरल्याशिवाय मोजलेल्या अंतरांचे अक्षांश-रेखांश होत नाहीत. १८३० मध्ये त्यांनी मांडलेल्या आकृतीत विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३७७.२७६ किलोमीटर येते. उपग्रहांच्या युगातला आकडा आहे ६३७८.१३७. फरक एक किलोमीटरहून कमी! त्याच वर्षी ते सर्व्हेअर जनरल होऊन परतले. कन्याकुमारीपासून डेहराडूनपर्यंतची सुमारे २४०० किलोमीटरची रेषा १८४१ मध्ये पूर्ण झाली. १८४३ मध्ये ते निवृत्त झाले. १८६५ मध्ये शिखराला त्यांचे नाव दिले गेले, तेही त्यांची स्वतःची हरकत असताना. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची आकृती भारतीय भूभागाला चपखल बसवलेली असल्याने तिचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून काहीशे मीटर सरकलेले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचे जुने सर्वेक्षण नकाशे याच आकृतीवर काढलेले. त्यांवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जीपीएसवर टाकले, तर जागा शंभर-दोनशे मीटर हुकते. सामूहिक वनहक्काच्या दाव्यात तेवढ्याने एखादा पाणवठा शेजारच्या गावाच्या हद्दीत जाऊ शकतो. म्हणून संगणकावर आधी केंद्राची सरक दुरुस्त करतात आणि मगच बिंदू वेब नकाशाच्या सपाट मर्केटर प्रक्षेपणात उतरवतात. त्या प्रक्षेपणाचीही एक खोड आहे. विषुववृत्तापासून दूर जावे तसे ते सगळेच ताणते. गडचिरोलीच्या २० अक्षांशावर लांबी सहा टक्क्यांनी फुगते, म्हणजे शंभर हेक्टर जंगल ११३ हेक्टर भरते. क्षेत्रफळ काढायचे तर बिंदू पुन्हा यूटीएमच्या ४४ व्या पट्ट्यात न्यावे लागतात. दोन्ही जिल्हे त्यातच येतात. आणि जुना नकाशा जोडताना सॉफ्टवेअर मूळ आकृती कोणती ते विचारते, तेव्हा यादीतून निवडायचे नाव असते ‘एव्हरेस्ट १८३०’.