जावा मानवाचा शोधकर्ता : यूजीन द्युब्वा

माणूस माकडापासून झाला, हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. पण ते तितकेसे बरोबर नाही. आजचे वानर आणि माणूस यांचे फार प्राचीन काळचे पूर्वज एकच होते, असे विज्ञान सांगते. त्या पूर्वजांचा पुरावा जमिनीत शोधण्यासाठी सारे आयुष्य पणाला लावणारे शास्त्रज्ञ म्हणजे यूजीन द्युब्वा.

त्यांचा जन्म २८ जानेवारी १८५८ रोजी नेदरलँड्समधील आइस्डेन या गावी झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर ते अ‍ॅमस्टरडॅम येथे शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. पण १८८७ साली ती नोकरी सोडून, पत्नी व तान्ह्या मुलीसह, लष्करी डॉक्टर म्हणून ते सुमात्रा बेटावर गेले. लोकांनी त्यांना वेड्यात काढले. सुमात्रात फारसे काही हाती लागले नाही, उलट हिवतापाने गाठले. पुढे ते जावा बेटावर आले. तेथील डच सरकारने खोदकामासाठी कैदी दिले. प्रत्यक्ष घाम गाळला तो याच लोकांनी.

१८९१ साली त्रिनिल येथे सोलो नदीच्या काठी एक दात आणि कवटीचा वरचा भाग सापडला. पुढच्या वर्षी जवळच मांडीचे हाड मिळाले. कवटीतील मेंदूची जागा सुमारे ९०० घन सेंटीमीटर, म्हणजे वानरापेक्षा मोठी पण आजच्या माणसापेक्षा लहान होती. १८९४ साली द्युब्वा यांनी या प्राण्याला ताठ चालणारा कपिमानव असे नाव दिले. आज त्याला होमो इरेक्टस म्हणतात. मांडीचे हाड मात्र बरेच नंतरचे असावे, असे आता अनेक अभ्यासकांना वाटते.

शिवालिक टेकड्यांतील जीवाश्म पाहण्यासाठी १८९५ साली ते भारतातही येऊन गेले.

युरोपात परतल्यावर त्यांच्यावर टीकेची झोड उठली. दुखावलेल्या द्युब्वांनी हाडे कुलूपबंद केली आणि वर्षानुवर्षे कोणालाही पाहू दिली नाहीत. अखेर १९२३ साली ती अभ्यासकांसाठी खुली झाली. पुढे चीनमध्ये आणि जावातच तशाच कवट्या मिळाल्या. पण आपल्या जावा मानवाशी त्यांचे असलेले साम्य द्युब्वांनी मान्य केले नाही. १६ डिसेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले.

आपला जावा मानव म्हणजे केवळ एक मोठा गिबन वानर होता, अशी कबुली त्यांनी शेवटी दिली, असे काही ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. गिबनशी त्यांनी तुलना केली होती, पण तो माणसाच्या वाटेवरचा जीव आहे हा दावा कधीच सोडला नाही.

२०२५ साली नेदरलँड्सने त्यांचा जीवाश्मसंग्रह इंडोनेशियाला परत देण्याचे ठरवले.

मित्रांनो, पुरावा कुलपात राहिला की अफवा वाढतात. तो सर्वांसमोर आला की चुका दुरुस्त होतात आणि खरे ते टिकते. म्हणून काहीही वाचताना एक प्रश्न जरूर विचारा : याचा पुरावा कोठे आहे, आणि तो इतरांनी तपासला आहे का?