काशीच्या घाटावरून आठवलेले दादासाहेब फाळके

काशीस गंगेच्या काठी मुन्शी घाट आहे. नागपूरकर भोसल्यांचे दिवाण श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. लागूनच अहिल्याबाईंचा घाट. या पायऱ्यांवर टेकलेल्या मराठी माणसास परकेपणा असा वाटत नाही. येथून दक्षिणेस काठाकाठाने जावे तो हरिश्चंद्र घाट लागतो, आणि आम्हांस धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे स्मरण होते.

त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी उभारलेली ही तंत्रशाळा. आमच्या मंडळातील जी मुले आज तंत्रनिकेतनात ध्वनिक्षेपण व दूरचित्रवाणी यांचे तंत्र शिकतात त्यांना नवल वाटेल, पण चलच्चित्राचा अभ्यासक्रम तेव्हा आपल्याकडे कोठेच नव्हता. दादासाहेबांनी चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, शिलामुद्रण अशा जवळपासच्या विद्या हस्तगत केल्या. गज्जरांनी त्यांना छायाचित्रणाची प्रयोगशाळा मोकळी करून दिली होती. असा गुरू लाभणे हेही भाग्यच!

पुढे मुद्रणाचा धंदा भागीदारांशी न पटल्याने सुटला. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांच्या मनाने नवा ध्यास घेतला. अहोरात्र अभ्यासाने दृष्टी अधू झाली. उपचारांनी ती परत मिळाली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले, हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहिले आणि कॅमेरा घेऊन परतले. कुंडीतला वाटाणा कसा उगवतो, एवढेच त्यांनी प्रथम चित्रित केले व ते दाखवून भांडवल मिळविले. कोऱ्या फितीच्या कडेला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई रात्री अंधारात करीत. मंडळींचा स्वयंपाकही त्याच करीत. या शाळेतील पहिली विद्यार्थिनी त्यांनाच म्हणावे लागेल.

३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

१९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पण भागीदारांशी पुन्हा बेबनाव झाला. सारे सोडून दादासाहेब कुटुंबासह काशीस येऊन राहिले. ज्या नगरीत हरिश्चंद्राने स्वतःला विकले, त्याच नगरीत त्याचे चित्र काढणारा हा गृहस्थ पन्नाशीत कॅमेऱ्याविना बसला. हात मात्र रिकामे राहिले नाहीत. तत्कालीन नाट्यव्यवसायावर टीका करणारे 'रंगभूमी' हे नाटक त्यांनी येथेच लिहिले. १९२२ साली ते नाशिकला परतले व पुन्हा कंपनीच्या कामास लागले.

मूकपटांचा काळ सरला. साठी उलटल्यावर कोल्हापुरात त्यांनी बोलपट केला, तो १९३७ सालचा 'गंगावतरण'. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.