पडद्यामागचा नर्तक : जॅक कोल



नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झाल्यावर मी भरतनाट्यम शिकले आणि गेली काही वर्षे मंडळाच्या कार्यक्रमात मुलांची नृत्ये बसवते आहे. त्यामुळे दुसऱ्याला नाचवणाऱ्या माणसांविषयी मला विशेष कुतूहल वाटते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील जॅक कोल हे त्यांतले मोठे नाव. अमेरिकेत त्यांना रंगमंचीय जाझ नृत्याचे जनक मानतात. त्या जाझमध्ये आपले भरतनाट्यम मिसळलेले आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

कोल यांचा जन्म २७ एप्रिल १९११ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे झाला. १९३० च्या सुमारास ते रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या ‘डेनिशॉन’ संस्थेत दाखल झाले. तिथे पौर्वात्य नृत्ये होत, पण त्यांत वेशभूषा आणि आविर्भाव यांचाच भर अधिक. कोल यांचे त्यावर समाधान झाले नाही. भारतात येऊन भरतनाट्यम शिकलेल्या ला मेरी या अमेरिकन नर्तकीकडे त्यांनी त्याचे रीतसर धडे घेतले.

तो जागतिक मंदीचा काळ होता. निव्वळ नृत्यावर पोट भरणे कठीण, म्हणून कोल नाइटक्लबकडे वळले. तिथे त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. हालचाली भारतीय वळणाच्या आणि संगीत अमेरिकन स्विंगचे! दुमडलेले गुडघे, जमिनीलगतचा तोल, मान, खांदे, डोळे, बोटे यांची स्वतंत्र हालचाल. त्यांच्या नर्तकांच्या चित्रफिती पाहताना आपल्या अरमंडीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

पुढे हॉलिवूडच्या कोलंबिया स्टुडिओत १९४४ ते १९४८ या काळात त्यांनी नर्तकांचा कायमस्वरूपी संच उभा केला. चित्रीकरण असो वा नसो, नर्तकांना पगार मिळे आणि रोज बॅले, भारतीय, स्पॅनिश अशा नृत्यांचा सराव करावा लागे. कोल यांची शिस्त कडक आणि स्वभाव तापट. पण त्यांच्या हाताखालून गेलेला नर्तक कुठेही अडत नसे.

‘गिल्डा’ (१९४६) मध्ये रिटा हेवर्थ एक हातमोजा काढता काढता नाचते, ते नृत्य कोल यांचे. ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ (१९५३) मधले मेरिलिन मन्रोचे हिऱ्यांचे प्रसिद्ध गाणेही त्यांनीच बसवले. मन्रो काही शिकलेली नर्तकी नव्हती. तिला काय शोभेल आणि काय झेपेल हे हेरून कोल यांनी नजर, खांदे आणि हात यांवर सारे नृत्य तोलून धरले. प्रेक्षकांच्या लक्षात राहिल्या त्या रिटा आणि मेरिलिन.

ब्रॉडवेवरही तेच घडले. १९५४ साली त्यांनी नृत्ये बसवलेल्या ‘किस्मेत’ला सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळाला, पण नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार ‘कॅन-कॅन’साठी मायकेल किड यांना गेला. त्याच ‘कॅन-कॅन’साठी ग्वेन व्हर्डन हिलाही टोनी मिळाला. ही ग्वेन अनेक वर्षे कोल यांची साहाय्यक होती! १९६६ मध्ये ‘मॅन ऑफ ला मांचा’ सर्वोत्कृष्ट ठरले. त्यातही नृत्ये कोल यांचीच होती, पण नृत्यदिग्दर्शनाचा मान मिळाला ‘स्वीट चॅरिटी’च्या बॉब फॉसी यांना, म्हणजे ग्वेनच्या यजमानांना. कोल यांच्या वाट्याला टोनी कधी आलाच नाही.

शेवटच्या काळात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ते शिकवत असत. १७ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी फॉसी यांचे ‘शिकागो’ रंगमंचावर आले आणि त्यात नाचत होती ग्वेन. जगभर गाजलेल्या त्या फॉसी शैलीत कोल यांचे संस्कार जाणकारांना स्पष्ट दिसतात.

म्हणजे ला मेरीकडून कोल यांच्याकडे, कोल यांच्याकडून ग्वेनकडे आणि पुढे साऱ्या ब्रॉडवेकडे अशी ही परंपरा वाहत गेली. सन्मानचिन्हाची जागा कपाटात असते. शिकवलेली विद्या मात्र शिष्यांच्या अंगात मुरते आणि गुरूंच्या पश्चातही नाचत राहते. आपल्या उत्सवात पडदा पडल्यावर टाळ्या वाजवताना, विंगेत उभ्या असलेल्या माणसांचीही आठवण ठेवूया, एवढीच विनंती.