हातिमताई : वाळवंटातला दानशूर कवी

हातिमताई म्हटलं की आपल्याला आठवतात ते सात प्रश्न, पऱ्या आणि राक्षस. काही मुलांना तर ही कुणाची तरी ताईच वाटते! पण हातिम हा खराखुरा माणूस होता आणि अरबी भाषेतला कवी होता, बरं का. ‘ताई’ म्हणजे तय्य टोळीतला. सात प्रश्नांची अद्भुत कहाणी फारसीत पुष्कळ नंतर रचली गेली.

हातिम सहाव्या शतकातला, म्हणजे इस्लामच्या उदयापूर्वीचा. उत्तर अरबस्तानात अजा आणि सल्मा या डोंगरांच्या मुलखात त्याची टोळी राहायची. हा भाग आज सौदी अरेबियात हाइल शहराजवळ येतो.

त्याची आईही दानशूर होती. ती सगळंच वाटून टाकते म्हणून तिच्या भावांनी तिला वर्षभर कोंडून मोजकं अन्न दिलं, असं सांगतात. सुटल्यावर थोडे उंट मिळाले, तेही तिने मागायला आलेल्या बाईला देऊन टाकले. भूक काय असते हे आता तिला स्वतःला कळलं होतं ना!

वडील लवकर गेले, आजोबांनी हातिमला वाढवलं. एकदा तो उंट राखत असताना तीन वाटसरू आले. त्याने त्यांच्यासाठी तीन उंट कापले. पाहुणे नामवंत कवी आहेत हे कळताच उरलेला कळपही वाटून टाकला. आजोबा इतके संतापले की त्याला तिथेच सोडून निघून गेले.

आता तुम्हीच सांगा, आजोबांचं काय चुकलं? उंट म्हणजे दूध, मांस, प्रवास, सगळी पुंजीच. पण त्या वाळवंटात ना धर्मशाळा, ना दुकान. वाट चुकलेल्याला तंबूत घेतलं नाही, तर त्याचं मरण ठरलेलं. आज तो दारात आहे, उद्या आपण असू. म्हणूनच बदाऊनी लोकांत पाहुणचार हा धर्मच होता आणि कंजूषपणा ही मोठी बदनामी.

हातिमच्या कवितांत हेच येतं. धन सकाळी येतं, संध्याकाळी जातं. मागे उरतं ते नाव, असं तो पत्नीला समजावतो. थंडीच्या रात्री तो गुलामाला आग पेटवायला सांगतो. ती पाहून पाहुणा आला, तर तू स्वतंत्र!

एका दुष्काळातली गोष्ट त्याच्या पत्नीच्या तोंडी आहे. घरची मुलं उपाशीच कशीबशी झोपली होती. तेवढ्यात शेजारीण आपली भुकेली मुलं घेऊन आली. हातिमने स्वतःचा घोडा कापला, सगळ्या वस्तीला उठवून जेवू घातलं. स्वतः मात्र घासही खाल्ला नाही.

इ.स. 578 च्या सुमारास तो वारला, असं मानतात. पुढे त्याची मुलगी सफ्फाना मुसलमान सैन्याच्या हाती कैद झाली. वडिलांची ओळख सांगताच पैगंबरांनी तिला सन्मानाने सोडलं, अशी परंपरा आहे. ज्या कीर्तीवर आजोबा रागावले, तीच नातवाच्या लेकीच्या कामी आली.

वर्गात किंवा घरी ही गोष्ट सांगाल, तेव्हा आजोबांची बाजूही जरूर मांडा. द्यायचं किती आणि राखायचं किती, यावर मुलांना भांडू द्या. देणं सोपं नसतं, हे त्यातूनच त्यांना उमगेल.