रसायनज्ञ हॉफमन

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्धा जिल्ह्यांत कापसाशीं परिचय नाहीं असें घर विरळाच. परंतु कापडास जे नानाविध रंग चढतात, त्यांच्या पाठीमागें ज्यांचे परिश्रम आहेत त्या ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांचें चरित्र पुष्कळांस ठाऊक नसेल.

हॉफमन यांचा जन्म ८ एप्रिल १८१८ रोजीं जर्मनींतील गीसेन गांवीं झाला. त्यांचे वडील स्थापत्यकार होते. कायदा व भाषा यांचा अभ्यास करणारे हॉफमन तेथील विख्यात रसायनज्ञ लीबिग यांच्या सहवासानें रसायनशास्त्राकडे वळले. दगडी कोळशाचें डांबर तेव्हां टाकाऊ समजलें जाई. त्यांतील एक तेलकट द्रव्य व निळीपासून मिळणारें अ‍ॅनिलीन हीं एकच होत, असें त्यांनीं १८४३ सालीं दाखविलें. अ‍ॅनिलीन या नांवांत आपला ‘नीळ’ शब्दच अरबी व पोर्तुगीज भाषांतून फिरून आला आहे.

१८४५ सालीं ते लंडनच्या रसायन महाविद्यालयाचे प्रमुख झाले. अमोनियाच्या रेणूंत नायट्रोजनाशीं तीन हायड्रोजन अणु जोडलेले असतात. त्यांपैकीं एक, दोन किंवा तिन्ही काढून त्यांच्या जागीं कार्बनयुक्त गट बसवितां येतात, हें त्यांनीं प्रयोगानें सिद्ध केलें. हींच अमाइनें. अमोनियाप्रमाणें तींहि अम्लाशीं मिळून लवणें बनवितात; कारण नायट्रोजनावरील इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी अम्लाचा प्रोटॉन स्वीकारते, हें पुढें कळलें.

१८५६ सालीं त्यांचा अठरा वर्षांचा शिष्य पर्किन हिंवतापावरील क्विनीन बनवूं गेला. औषध साधलें नाहीं. पण अ‍ॅनिलीनपासून सुंदर जांभळा रंग निघाला. शिष्यानें विद्याभ्यास सोडून कारखाना काढावा, हें मात्र गुरूस रुचलें नाहीं. हॉफमन १८६५ सालीं बर्लिनला गेले व ५ मे १८९२ रोजीं तेथेंच निवर्तले.

त्यानंतर पांच वर्षांनीं जर्मन कारखान्यांची कृत्रिम नीळ बाजारांत आली. नैसर्गिक निळीचे भाव कोसळले, आणि चंपारणच्या मळेवाल्यांनीं आपली तूट गरीब कुळांवर जादा सारा लादून भरून काढली. त्यांचीं गाऱ्हाणीं ऐकण्यास १९१७ सालीं महात्मा गांधी तेथें गेले. तेच गांधीजी १९३६ सालीं आपल्या सेवाग्रामीं राहावयास आले.

टाकाऊ डांबरांतून जगास रंग मिळाले, हें विद्येचें सामर्थ्य. परंतु तिच्या लाभाचा भार कोणाच्या माथीं पडतो, हें पाहणें हाहि विद्येचाच भाग आहे. बालमित्रहो, प्रयोगशाळेंत पाऊल टाकतांना दोन्ही ध्यानांत असूं द्या.