रिचर्ड टेक्विन विल्यम्स

रिचर्ड टेक्विन विल्यम्स (२० फेब्रुवारी, १९०९ - २९ डिसेंबर, १९७९) हे वेल्श जैवरसायनशास्त्रज्ञ होते. औषधे, कीटकनाशके इत्यादी बाह्य रसायनांचे प्राण्यांच्या शरीरात काय होते, या प्रश्नाच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया त्यांनी घातला.

जीवन

विल्यम्स यांचा जन्म वेल्समधील ॲबरटिलरी या कोळसाखाणींच्या गावी झाला. कार्डिफ येथे शिकत असताना त्यांनी ग्लुकुरॉनिक आम्लाच्या रचनेवर संशोधन केले. बर्मिंगहॅम व लिव्हरपूल येथील अध्यापनानंतर १९४९ मध्ये ते लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९६७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले.

संशोधन

त्यांचा निर्विषीकरणावरील ग्रंथ १९४७ मध्ये व त्याची विस्तारित आवृत्ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. विकरे प्रथम रसायनाचे ऑक्सिडीकरण, क्षपण वा जलविच्छेदन करतात. नंतर त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल, सल्फेट यांसारखा रेणू जोडून ते उत्सर्जनयोग्य करतात, अशी द्विस्तरीय मांडणी त्यांनी केली. पहिल्या टप्प्यात पदार्थ अधिक विषारीही होऊ शकतो, त्यामुळे ग्रंथाचे नावच काहीसे अपुरे ठरते, याची त्यांना जाणीव होती. पॅराथिऑन हे याचे ठळक उदाहरण होय. यकृतात त्यापासून पॅराऑक्सॉन बनते आणि तेच मज्जासंस्थेतील ॲसिटिलकोलीनएस्टरेज या विकराला निकामी करते. पॅराऑक्सॉनचे विघटन करणारे विकर सशाच्या रक्तात विपुल, तर उंदरात बरेच कमी असते.

सस्तन प्राण्यांमधील असे जातीभेद हा विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेचा प्रमुख विषय होता. मांजर फिनॉलला मुख्यतः सल्फेट जोडते, डुक्कर जवळजवळ केवळ ग्लुकुरॉनिक आम्ल. कुत्रा ॲरोमॅटिक अमाइनांचे ॲसिटिलीकरण करू शकत नाही. एका प्राण्यावर निर्धोक ठरलेला पदार्थ दुसऱ्यावर, विशेषतः मानवावर, तसाच ठरेल असे गृहीत धरता येत नाही, हे यातून स्पष्ट झाले. पिसवांसाठी कुत्र्याच्या त्वचेवर लावायचे परमेथ्रिन मांजरासाठी प्राणघातक ठरू शकते, त्यामागे मांजरातील ग्लुकुरॉनिक जोडणीची ही उणीव महत्त्वाची मानली जाते. मॅलॅथिऑनची गोष्ट उलट आहे: सस्तन प्राण्यांतील कार्बोक्झिलएस्टरेज त्याचे चटकन विघटन करते, बहुतेक कीटकांत ते अत्यल्प असते.

थॅलिडोमाइडमुळे व्यंग असलेली बालके जन्मल्यानंतर त्यांच्या गटाने त्या औषधाचाही अभ्यास केला. विकरांच्या मदतीविनाही ते द्रावणात आपोआप विघटित होऊन अनेक पदार्थ बनतात, असे या गटाने १९६५ मध्ये दाखवले. विल्यम्स १९७६ मध्ये निवृत्त झाले.